तपासणाऱ्याचं नाव

चिंचपोकळी,
रविवार, १६ जानेवारी २०११

हऱ्या,

जय भीम. तुझं जय एकवीरा मी गृहीत धरते, कारण तू काही लिहिणार नाहीस.

पत्र बघून हसू नकोस. तुझ्या मेलबॉक्समध्ये माझं नाव थेट कचऱ्यात जातं हे मला कळत नाही असं समजू नकोस, तो फिल्टर लिहायला तुला मीच शिकवलं होतं. फोन तू उचलत नाहीस. राहिलं पोस्ट. आमच्या चाळीतून शिवडी कोळीवाडा चालत पाऊण तास, आणि हे पत्र तीन दिवसांनी पोचेल. तेवढेच तीन दिवस मी तुझ्या शिव्यांपासून लांब.

कारण तसं खास नाही. काल बाजारात तुझी आई भेटली. बोंबील साफ करता करता माझ्याकडे न बघताच म्हणाली, "काय गो सुभद्रा, घरी येणं बंद केलंस? हरेश्वर बोलतो, तू लय कामात हायस." म्हणजे तू अजून माझ्यावर पांघरूण घालतोस. मी म्हटलं, हो ना मावशी, मरायला फुरसत नाही. तर म्हणे, "तुमी दोघं त्या डब्यात करता काय ते एकदा नीट सांग. याला विचारलं तर बोलतो, मोडलेलं जोडतो."

आता गिऱ्हाइकं उभी, तिच्या हातात कोयता, आणि मी तिला कर्नल शिकवतेय! म्हटलं, "मावशी, प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात एक मुकादम असतो, बाकी सगळ्यांना कामाला लावणारा. त्याला कर्नल म्हणतात. जगभरची हजारो माणसं मिळून तो लिहितात. लिखाण एकच, पण ते वीस-पंचवीस तऱ्हेच्या प्रोसेसरवर बांधलं गेलं पाहिजे, म्हणजे त्या त्या मशीनला चालवता येईल असं झालं पाहिजे. समज, तू कालवण कसं करायचं ते कागदावर लिहून दिलंस. गॅसवर झालं, स्टोव्हवर झालं, कोळशाच्या शेगडीवर मात्र जमलंच नाही. लिहिणारा म्हणतो, माझ्या गॅसवर तर झालं! मग आम्ही शेगडीवाल्याच्या बाजूने जाऊन सांगतो, दादा, कागदात ही एक ओळ राहिली, ती घाल म्हणजे सगळीकडे होईल."

"म्हंजे आमचा हरेश्वर शेगडीवाला?"

"हो."

"मंग तो बसलाय शेगडी धरून, नि तुजा पत्ता नाय." आणि दोन बोंबील वर टाकले. मी पिशवी उचलून पळाले.

तुझी बोट, म्हणजे आपलं ते जुनं मशीन, चालते ना अजून? रे रोडला दारूखान्यात फुटलेल्या जहाजातून ते धूड आपण हातगाडीवर घालून आणलं, तेव्हा भंगारवाला म्हणाला होता, ताई, याचा टेबल करा. त्याच टेबलाच्या प्रोसेसरवर आपण दोघांनी सहा वर्षं कर्नल बांधला. माझ्याकडे नवी मशीनं आहेत, पण एवढी घरघर करणारं एकही नाही, चुकल्यासारखं होतं.

बाकी २००९च्या ऑगस्टातलं ते जे काय झालं, ते जाऊ दे. त्यासाठी हे पत्र नाही.

सुभी


चिंचपोकळी,
रविवार, ६ फेब्रुवारी

हऱ्या,

तू कर्नलवाल्यांची मेलिंग लिस्ट वाचतोस की तीही सोडलीस? सोडली असशील तर ऐक. म्हातारबुवांनी बुधवारी लिहिलं. वय झालं, डोळे गेले, आता बोटीच्या आर्किटेक्चरचा, म्हणजे त्या जातीच्या प्रोसेसरसाठी कर्नलमध्ये जे लिहिलंय त्याचा, सांभाळ आपल्याच्याने होत नाही. मार्चअखेर कुणी सांभाळणारा पुढे आला नाही, तर ते आर्किटेक्चर कर्नलमधून काढून टाकावं. काढून टाकावं म्हणजे कायमचं. तुझी बोट, पोलंडातल्या त्या शाळेतली चार मशीनं, ब्राझीलच्या धरणावरची दोन, सगळी आहेत तिथेच थांबणार. नवा कर्नल त्यांच्यावर कधीच बांधला जाणार नाही.

लगेच एकाने लिहिलं, मुंबईचा हरेश्वर आहे की, त्याच्याइतकं हे मशीन कुणाला कळतं? मी खुर्चीतच ताठ झाले. आणि त्याच्याखाली दुसऱ्याचं उत्तर: तोच ना, जे बांधलंच जात नाही ते तपासून देणारा? पुढे एक हसरं तोंड.

त्या हसऱ्या तोंडाकडे मी किती वेळ बघत होते देव जाणे, म्हणजे तुझा देव, आमच्याकडे ती सोय नाही.

आपल्या घरच्यांना हे कधीच कळलं नाही रे. दादा, म्हणजे माझे वडील, अजून विचारतात, त्या जगभरच्या कामाचं सर्टिफिकेट मिळतं का? मी सांगते, प्रत्येक दुरुस्तीच्या खाली ओळी असतात. कुणी लिहिली, बिघाड कुणी कळवला, आपल्या मशीनवर कुणी तपासली. त्या ओळीत नाव येतं, बस. तिकडे कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नसतं. ती ओळ म्हणजे त्या माणसाची जबानी, तिच्यावर विसंबून लोक दुरुस्ती आत घेतात. तुझ्या जबानीवर ते लोक सहा वर्षं डोळे मिटून विसंबले. पुढच्या सांभाळासाठी म्हाताऱ्याने तुझंच नाव धरलं होतं, हे तुला ठाऊक होतं आणि मलाही.

त्या ओळीबद्दल मला तुझ्याशी बोलायचंय. पण आज नको, आज घरी पाहुणे आलेत.

सुभी


चिंचपोकळी,
रविवार, २० फेब्रुवारी

हऱ्या,

पाहुणे नव्हते.

आता सगळं लिहिते. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते. माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

नारळी पौर्णिमा होती. सकाळी तुझा फोन आला, मागे बेंजो वाजत होता, तू ओरडून बोलत होतास. "सुभे, आज बोट बंद. दर्याला नारळ देऊन येतो, उद्या तुझी दुरुस्ती लावून बघतो." मी म्हटलं, बरं. पण म्हातारबुवा दुसऱ्या दिवशी महिनाभराच्या सुट्टीवर चालले होते. माझी दुरुस्ती तयार होती, चार तऱ्हेच्या प्रोसेसरवर सुरळीत बांधली जात होती. मनात आलं, हऱ्याच्या बोटीवर माझं काही कधी अडलंय? आणि खाली ओळ टाकली: तपासणारा हरेश्वर. तुझा मेलचा पत्ताही जोडला. चुकतंय असं वाटलंसुद्धा नाही. उलट वाटलं, तुझंही नाव लागतंय, बरंच झालं.

काय शेण खाल्लं ते तुला ठाऊकच आहे. मी वापरलेल्या एका फंक्शनची ओळख दुसऱ्या एका फाईलमध्ये असते. ती फाईल आत घ्यायची ओळ मी लिहिलीच नव्हती. बाकीच्या मशीनांवर ती कुणाच्या तरी शेपटाला धरून आपोआप आत येते, म्हणून माझं निभावलं. बोटीवर येत नाही. एक ओळ रे, एक! दुसऱ्या दिवशी पोलंडवाल्यांचा कर्नल बांधताना पडला, मग ब्राझीलचा पडला. म्हातारबुवांनी सुट्टीवरून लिहिलं, हरेश्वर, हे तू खरंच तपासलंस?

मी ते ऑफिसात बसून वाचलं. सहा मिनिटांत तुझं उत्तर आलं. "माझी चूक. माफ करा."

त्या आठवड्यात मी कर्नलच्याच कामावर कंपनीत पर्मनंट होणार होते, ते तुला माहीत होतं. खोटी सही करणारी म्हणून माझं नाव निघालं असतं तर झालंच होतं माझं. तू मला आठवडाभराचा वेळ मिळवून दिलास. तो मी दीड वर्ष वापरला. आणि वर तुला एसेमेस केला, "थँक्स यार, वाचवलंस." हऱ्या, तो एसेमेस आठवला की मला अजून दातओठ खावेसे वाटतात, माझेच. तू वाट बघत होतास मी कधी बोलते त्याची. मी पर्मनंट झाले, पेढे वाटले, तुझ्या आईला पण दिले, आणि तोंडातून ब्र काढला नाही.

काल संध्याकाळी गॅलरीत दादांना सांगितलं. ते म्हणाले होते, "त्या हरेश्वरची नि तुझी कट्टी का?" मी सांगून टाकलं. वाटलं, आता एक ठेवून देतात. पण ते जे बोलले ते मला कधीच माहीत नव्हतं.

गिरणीसंपाचं दुसरं वर्ष. दादा एक दिवसही आत गेले नव्हते. तरी मिलच्या गेटवर कामावर परतलेल्यांची यादी लागली, आणि तिच्यात सातवं नाव दादांचं, बुधाजी. कुणा कारकुनाने यादी लांब दिसावी म्हणून ओळखीची नावं घालून दिली होती. त्यानंतर नळावर आईची बादली कुणी पुढे सरकू दिली नाही. भजनमंडळ असो की बुद्धवंदना, दादा दारात आले की बोलणं थांबायचं. मी तेव्हा दहा वर्षांची. मला वाटायचं, आमचे दादाच मुळात घुमे आहेत.

"त्याचा फार राग आला असेल ना तुम्हाला?" मी विचारलं.

"कुशाबा नाव त्याचं. दादरला राहायचा. मला फक्त एवढंच पाहिजे होतं, की त्यानं एकदा गेटवर यावं नि चारचौघांत बोलावं, बुधाजीचं नाव मी लिवलं, त्याला न इचारता. मी त्याला चहा पाजला असता."

"चिडला नसता?"

"चिडलो असतो की. चिडून पाजला असता." मग माझ्याकडे वळले. "तू कुणापाशी बोललीस हे?"

"तुमच्यापाशी."

"मी काय गेट हाय का?"

मग आत जाऊन त्यांनी बातम्या लावल्या. आज मी त्याच गॅलरीत बसून हे लिहिते आहे. मला लाज वाटते, हऱ्या. तुझ्यासमोर वाटते, त्याहून जास्त त्यांच्यासमोर.

सुभी


चिंचपोकळी,
सोमवार, २८ फेब्रुवारी

हऱ्या,

गेटवर जाऊन आले.

गुरुवारी सकाळी लिस्टवर पाठवलं, जगजाहीर. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, त्यामुळे सजावट नव्हतीच. ५ ऑगस्ट २००९ची ती दुरुस्ती माझी. तिच्यावरची तपासणाऱ्याची ओळ मी स्वतः घातली, हरेश्वरला न विचारता. त्याने ती पाहिलेलीसुद्धा नव्हती. त्याने दोष स्वतःवर घेतला, मी घेऊ दिला. आजवर त्याने स्वतः दिलेली एकही ओळ खोटी निघालेली नाही, हवं तर मोजून बघा.

पाठवण्याआधी एकदा वाटलं, जुनी ओळच पुसता आली तर? पण तिथे झालेलं पुसायची रीतच नाही. जे लागलं ते लागलं, वरून नवीन लिहायचं. मला तेही बरं वाटलं. माझी लबाडी तिथे राहील, आणि तिच्यावर माझा कबुलीजबाबही राहील.

आता निकाल ऐक. एका जर्मन बाईने लिहिलं की यापुढे ती माझी कुठलीच दुरुस्ती हातात घेणार नाही. बरोबर आहे तिचं. तिघांनी लिहिलं की बोललीस ते चांगलं केलंस, पण उशीर केलास. तेही बरोबर. हसऱ्या तोंडवाल्याने तुझी माफी मागितली, हसरं तोंड न काढता. आमच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, मी मनातल्या मनात टेबल आवरून ठेवलं होतं. ते म्हणाले, तीन महिने तुझं प्रत्येक काम दुसरं कुणीतरी तपासेल, आणि नावांच्या ओळी तू लिहायच्या नाहीस, तोच लिहील. मी म्हटलं, हो सर. बाहेर येऊन कँटीनमध्ये दोन मिसळी खाल्ल्या. खरं सांगते, इतकी भूक दीड वर्षात लागली नव्हती.

आणि म्हातारबुवांनी काल दोनच ओळी लिहिल्या: मग मी हरेश्वरला पुन्हा विचारतो. मार्चअखेरपर्यंत थांबतो.

आता सगळं तुझ्या हातात आहे. तू नाही म्हणालास तरी माझी काही तक्रार नाही, असं मला इथे लिहायचं होतं. पण ते खोटं होईल, आणि खोटं लिहायचं मी गुरुवारी सोडलं. हो म्हण ना रे. माझ्यासाठी नको, मला तू आयुष्यभर कचऱ्यात टाक. पण ते काम तुझं होतं. माझ्यामुळे ते तुझ्या हातातून गेलं, ते तुझ्याकडे परत आलेलं मला बघायचंय.

दादांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरं झालं. आता भांडी घास."

सुभी


चिंचपोकळी,
रविवार, १३ मार्च

हऱ्या!

काल सकाळी मेल उघडला तर तुझं नाव. मी दोनदा डोळे चोळले. ना नमस्कार, ना चमत्कार. जसाच्या तसा इथे उतरवून ठेवते, मला तो कागदावर हवाय.

"तुझी परवाची दुरुस्ती बोटीवर बांधली जात नाही. ओळ २१२. एवढ्या मोठ्या आकड्याला सरळ भागतेस? डोकं ऑफिसच्या लॉकरमध्ये ठेवून लिहितेस काय? म्हाताऱ्याला काल हो कळवलंय. आता ही माझी हद्द आहे, इथून जाताना नीट चाल."

मी एवढ्या जोराने किंचाळले की शेजारच्या अंबिकावहिनी हातात लाटणं घेऊन धावत आल्या. "काय झालं? लग्न ठरलं?" मी म्हटलं, "वहिनी, माझं काम पडलं! ओळ २१२वर!" त्या दादांकडे बघायला लागल्या, हिला डॉक्टरकडे न्यायचं का म्हणून. दादांनी मात्र तो मेल माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा "लॉकरमध्ये" आलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. संपानंतर ते असे हसलेले मी पाहिले नव्हते, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मॅच बघताना हसतात. तरी काल जास्त हसले.

तुझंच बरोबर होतं, आणि चूक शाळकरी होती. नव्या मशीनला तो भागाकार एका दमात जमतो. बोटीला जमत नाही. तिथे कंपायलर, आपलं लिखाण मशीनच्या भाषेत उतरवणारा तो दुभाषी, एका मदतनीस फंक्शनच्या भरवशावर पुढे जातो, आणि कर्नलमध्ये ते फंक्शन ठेवलेलंच नाही. शेवटी सगळं एकत्र जोडताना तो बोंब मारतो, की सापडत नाही. कर्नलचं स्वतःचं भागाकाराचं फंक्शन आहे, ते वापरायला हवं होतं. दहा वर्षं हे दुसऱ्यांच्या कामात शोधून काढते आणि स्वतः लिहिताना विसरले! मधेच उठून चहा केला तेवढाच, दुपारपर्यंत दुरुस्ती तयार झाली. इथली सगळी मशीनं झाली, बोटीसारख्या प्रोसेसरसाठी कंपायलर लावूनही बांधून बघितली, पण ती काय बोट नव्हे.

मग खालच्या ओळींवर आले. लिहिणारी मी, ते झालं. साहेबांच्या हुकमाने बाकीच्या ओळी राजाराम लिहितो, ऑफिसात माझ्या शेजारी बसतो तो. त्याला फोन केला तर त्याने विचारलं, बिघाड कुणी कळवला? मी म्हटलं, हरेश्वरने. तर म्हणतो, मग लिहून टाकतो. मी त्याच्यावर अशी ओरडले की बिचाऱ्याने फोनच ठेवला.

तू लिस्टवर कळवलं असतंस तर प्रश्न नव्हता. तू मला एकटीला कळवलंस. आणि कुणी एकट्याला कळवलं असेल, तर त्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव लावायचं नाही, ही रीत आहे. आता तुझ्या हद्दीतली रीत मी तुला काय सांगू.

मेलवर विचारता आलं असतं. पण तुला न विचारता जे केलं होतं ते मेलवरच केलं होतं. म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. लिहून झालं की निघते, चालतच येते, कोळीवाड्यात शिरते. तुझी आई जाळ्याच्या ढिगाऱ्यामागून बघेल, "आली गो बाय!" म्हणेल, आणि कागद माझ्या हातून घेऊन तुला आत आणून देईल. मी बाहेरच थांबेन. तिला तसं सांगेन.

वाचून झालं असेल तर मान वर कर. मी दारात उभी आहे.

हऱ्या, तुझं नाव लिहू का?